सर म्हणाले माडी

कॉलेजचं माझं पहिलं वर्ष कोरोनामुळं मोबाईलवरच सुरू झालं. गाव कन्नड सीमेवरचं मेहकर, कॉलेज भालकीला, आणि वर्ग भरायचा आमच्या चुलीपुढं. वर माडीवर रेंज बरी, पण पत्रे तापायचे. शाळा मराठीतून झालेली. बाजारात कन्नड फडाफडा बोलणारी मी, वर्गात बोलायचं म्हटलं की दातखीळ बसायची. कॅमेरे सगळ्यांचे बंद, नुसती नावं दिसायची. एकबी मैत्रीण झाली नाही तर वर्ष संपल्यावर कॉलेज सोडायचं, असं मी पक्कं केलं होतं. एकटीनं काय भिंतीशी बोलत शिकायचं?

एकदा सरांनी मलाच प्रश्न विचारला. मी माईक चालू केला आणि गप्प. सरांना वाटलं, बंदच आहे. "अनम्यूट माडी," ते म्हणाले. कन्नडमध्ये माडी म्हणजे करा. पुन्हा म्हणाले, पुन्हा म्हणाले. आई उदगीरकडची, तिला कन्नडचा गंध नाही. भाकरी थापता थापता ती करवादली, "आगं, सर कवाधरनं माडी माडी करायलेत. माडीवर जा की. हितं कामून बसलीस?"

अख्खा वर्ग हसला, सरसुद्धा. मी फोन बंद केला आणि आईवर अशी तणतणले की विचारू नका.

"मी काय वंगाळ बोलले?" आई म्हणाली. "वर रेंज येती न्हाई का?"

संपलं, म्हटलं. आता कॉलेजचं नाव काढायचं नाही.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून मेसेज आला, मराठीत. 'मी तुझ्याच वर्गातली, औरादची. तुझी आई आमच्या मावशीवानी बोलायली. मला वाटायलं होतं, वर्गात मी एकटीच मराठी.' मग आणखी दोघी मराठी निघाल्या. भालकीची एक कन्नडवाली आपणहून आली. ती आमचं कन्नड सुधारायची, आम्ही तिचं मराठी बिघडवायचो. फोनवर गप्पांना नुसता ऊत. तरी धाकधूक होतीच, ही ओळख समोरासमोर टिकंल का?

कॉलेज उघडलं. गेटात पोरींची ही गर्दी, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. चेहरा एकीचाही पाहिलेला नाही. पाय मागं सरायला लागले. मग स्वतःचाच राग आला. मास्क खाली ओढला आणि घसा ताणून ओरडले, "माझ्या वर्गातल्या पोरी कुठं उलथल्यात गं?"

गर्दीतले चार मास्क एकदम वळले. एक तर पळत येऊन अशी बिलगली की माझी पिशवी खाली पडली.

"तू कंची गं?" मी विचारलं.

ती बोलली आणि आवाजावरनं मीबी ओळखलं, ही औरादची. कॉलेज सोडायची गोष्ट तिथंच संपली. डिग्री होईस्तोवर आम्ही पाचजणी एका बाकावर दाटीवाटीनं बसलो, आणि वर्गात सगळ्यात जास्त बडबड माझी असायची.