जाळीघरातला कप्तान

वीजकेंद्रात त्याला सगळे कप्तान म्हणत. हे नाव मामाने ठेवलेलं. मामा म्हणजे जाळीघरातला त्याचा जोडीदार. वयाने मोठा, तोंडाने फटकळ आणि न विचारता सल्ले देत फिरणारा, म्हणून सगळ्या केंद्राचा मामा. नवा माणूस होडी सोडून आलाय हे कळल्यावर पहिल्याच दिवशी मामा म्हणाला होता, "म्हणजे कप्तानच की! मग एक सांगून ठेवतो, इथे पाणी भरायला लागलं तर पहिली हाक मला मारायची. मला पोहता येत नाही."

कप्तान हसला होता. वर्ष-दोन वर्षं काढू, मग बघू, असा त्याचा हिशेब होता. असा हिशेब करून आलेली माणसंच पुढे एका जागी म्हातारी होतात, हे त्याला अजून कळायचं होतं.

होडी त्याच्या वडिलांची. बाप आणि लेक मिळून ती चालवायचे. मग समुद्र बदलत गेला. नेमका कधीपासून, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. पण हात घातला की पाणी कोमट लागायचं, आणि बांगड्यांच्या झुंडी जिथे हमखास सापडायच्या तिथे जाळं रिकामं यायचं. कधी ते जड लागलं की दोघे हरखून ओढायचे, आणि वर यायचा नुसता चिकट, बुळबुळीत लगदा. जेलीफिश. दिवसभर उपसून हातांची आग व्हायची. मासे थंड पाण्याच्या शोधात खोल समुद्रात निघून गेले होते, आणि तिथवर जाण्याइतका त्या होडीत दम नव्हता. होडी किनाऱ्यावर पालथी पडली ती पडलीच. त्यानंतर भरतीचं पाणी घरांच्या उंबऱ्यापर्यंत यायला लागलं, तेव्हा किनाऱ्यावरची सगळी वस्ती उचलून मागच्या इमारतींमध्ये नेऊन बसवली. यांच्या वाट्याला चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आल्या. लिफ्ट होती, ती मनात आलं की चालायची. आयुष्यभर वाळूवर चाललेल्या बाबांना जिने सोसेनात. वर्षभरात त्यांचं खाली जाणं बंदच झालं. खिडकीपाशी खाट टाकून दिली, तिथून समोरच्या इमारतींमधल्या फटीतून समुद्राची बोटभर पट्टी दिसायची.

वीजकेंद्र तिथून अर्ध्या तासावर. केंद्रातली यंत्रं थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढतात आणि गरम झालेलं पाणी परत समुद्रात सोडून देतात. पाण्याबरोबर कचरा आत जाऊ नये म्हणून वाटेत मोठमोठ्या फिरत्या जाळ्या. त्या जाळ्या जमिनीखालच्या एका लांबट खोलीत. लोखंडी शिडीने उतरायचं. खिडकी नाही, यंत्रांचा घरघराट इतका की शेजारच्याच्या कानाशी ओरडावं लागतं, आणि वास असा की नव्या माणसाला पहिला आठवडा जेवण जात नाही. कप्तान आणि मामा गमबूट घालून, हातात लांब दांड्याचं दाताळं घेऊन जाळ्यांवरचा कचरा ओढून खालच्या पन्हळीत पाडायचे. प्लॅस्टिकच्या पिशव्या, चपला, शेवाळ, कधी एखादा मासा. गेल्या काही वर्षांत मात्र जेलीफिशच जास्त. जेलीफिश खायला आलेलं कासवही अधूनमधून त्यांच्या मागोमाग ओढलं जायचं. ते बहुतेक मेलेलंच निघायचं. मामा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "चुकला रे बाबा रस्ता," आणि दोघे मिळून ते ट्रॉलीत ठेवायचे. त्या दिवशी मामा फारसे सल्ले द्यायचा नाही.

संध्याकाळी घरी आलं की खाटेवरून बाबा विचारायचे, "आज काय सापडलं?"

पहिल्या वेळी कप्तानने खरं सांगितलं होतं. ऐकून बाबांचा चेहरा असा उतरला की रात्रभर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या वेळी तो सहज बोलून गेला, "जाळीवर दोन बांगडे आले होते. हे एवढे." बाबा उठून बसले. कुठल्या बाजूच्या जाळीवर? अंगावरचे पट्टे कसे होते? जिवंत होते का? कप्तानने सगळं सांगितलं. त्या रात्री बाबा पोटभर जेवले.

मग काय, गाडी त्याच रुळावर गेली. आज बांगडे, उद्या कोळंबी, एकदा तर चक्क सुरमई. बायको स्वयंपाकघरातून ऐकायची आणि भांडी जरा जोरात आपटायची. ती बर्फाच्या कारखान्यात कामाला होती. पूर्वी तिथला बर्फ होड्यांवर जायचा, आता हॉस्पिटलांत जायचा, उष्णतेने कोसळलेल्या माणसांसाठी. बर्फ कुणासाठी निघतो हे ती रोज बघत होती. एकदा तिने नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलंही, "अहो, हे कुठवर?"

"अगं, तेवढाच त्यांच्या जिवाला आनंद."

"आनंद ठीक आहे. पण ते आता इथून हलायचं नाव काढत नाहीत, त्याचं काय?"

तिचं खरं होतं. कप्तानची धाकटी बहीण लग्न होऊन वर डोंगरातल्या गावात राहायची. तिथे झाडी होती, हवा थंड होती, अंगणात जागा होती. दर उन्हाळ्यात ती फोन करायची, "दादा, बाबांना घेऊन इकडे या. कायमचे या. इथे काहीतरी काम मिळेल तुला." कप्तानला जायचं होतं. बायकोला तर कालच जायचं होतं. पण विषय काढला की बाबा उसळून म्हणायचे, "आता कुठे मासा परत यायला लागलाय, आणि मी डोंगरात जाऊन बसू? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?" आपणच विणलेल्या जाळ्यात आपण अडकलोय, हे कप्तानला कळत होतं, पण जाळं कापायला हात होत नव्हता.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि जायला तयार होईना. दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं. माणसं दारं-खिडक्या बंद करून पंख्याखाली पडून राहायची. वीज पुरेना, म्हणून केंद्र रात्रंदिवस पूर्ण जोराने चालू.

आणि अशाच एका दुपारी जेलीफिशची लाट आली.

आधी जाळीवर नेहमीसारखे पुंजके दिसले. दोघांनी ते ओढले. ओढेपर्यंत त्यांच्या जागी दुप्पट आले. बघता बघता जाळी दिसेनाशी झाली. तिच्यावर हातभर जाडीचा पांढरट थर बसला, आणि मागून पाण्याच्या जोराने आणखी येतच होता. दाताळं मारलं की ते आत रुतून बसायचं. मामाने भोंगा दाबला. वरून आणखी माणसं उतरली, मोठे साहेब स्वतः शिडी उतरून आले, पँट वर दुमडून त्यांनीही एक दाताळं हातात घेतलं. जाळी कण्हत कण्हत वर सरकत होती, मग एक झटका बसला आणि ती थांबली. पलीकडचं पाणी खाली जाऊ लागलं. पंप हवा ओढायला लागले तेव्हा साहेबांनी वर बंद करायची खूण केली.

घरघराट बंद झाला. इतक्या वर्षांत कप्तानने जाळीघरात शांतता ऐकली नव्हती. पाणी ठिबकण्याचा आवाज तेवढा येत होता.

"केंद्र बंद पडलं," मामा हळूच म्हणाला.

केंद्र बंद म्हणजे काय, हे कप्तानला वेगळं सांगायला नको होतं. वीज कमी पडली की हॉस्पिटल आणि शहराचा मधला भाग सांभाळायचा, आणि किनाऱ्याकडच्या इमारतींची वीज आधी तोडायची, हा तिथला नेहमीचा शिरस्ता. म्हणजे चौथ्या मजल्यावरचा पंखा या घटकेला थांबला असणार. लिफ्टही. बायको कारखान्यात. बाबा खाटेवर, एकटे.

तो साहेबांपाशी गेला. "साहेब, घरी वडील आहेत. म्हातारे आहेत, खाली उतरता येत नाही त्यांना. मी जाऊन येतो."

साहेबांचा चेहरा घामाने निथळत होता. ते चिडले नाहीत. म्हणाले, "तू गेलास तर इथे जाळी जाणणारा एक मामाच उरतो. पुढच्या पाळीच्या बसेस अडकल्यात, सिग्नल बंद आहेत. जाळी मोकळी झाल्याशिवाय वीज येणार नाही. माझीही आई घरीच आहे रे."

बाबांचा पंखा सुरू व्हायला हवा असेल तर कप्तानला बाबांकडे जाता येणार नव्हतं. मोबाइल वर लॉकरमध्ये होता, आणि खाली आणला असता तरी लागला नसता. तो वळला आणि त्याने थरात दाताळं घातलं. मग दाताळं टाकून देऊन हातमोज्यांनीच ओढायला लागला. मनगटावर, मानेवर, मोज्याच्या वर उघड्या राहिलेल्या कातडीवर आग उठली. मामा ओरडला, "अरे, दम घे जरा, मेलास तर कोण ओढणार?" त्याने ऐकलंच नाही. ढिगारे पन्हळीतून वाहून जाईनात, तेव्हा टोपल्या भरभरून वर चढवल्या. एका ढिगातून एक लहानसं कासव निघालं, मान हलवत होतं. ते कोणीतरी टोपलीतच वर पाठवलं. पुढे त्याचं काय झालं ते कप्तानला कळलं नाही, आणि त्या दिवशी त्याने विचारलंही नाही.

ऊन कलल्यावर जाळी पुन्हा सरकली. पंप एकेक करत सुरू झाले. साहेबांनी नुसती मान हलवली आणि कप्तान गमबुटांसकट शिडी चढून पळत सुटला.

इमारतीच्या जिन्यावर पाणी सांडलेलं होतं. चौथ्या मजल्यापर्यंत त्याची ओली रेघ गेली होती. दार उघडंच होतं. बाबा जमिनीवर, ओल्या चादरीवर पडलेले. काखेत, मानेशी बर्फाच्या पुरचुंड्या. बायको शेजारी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होती. वीज आली होती, पंखा फिरत होता, तरी तिचा हात थांबत नव्हता.

"कारखाना बंद पडला तशी निघाले," ती म्हणाली. "फुटका बर्फ होता तो गोणीत भरला. दोन खेपा केल्या. पहिल्यांदा आले तेव्हा ओळखत नव्हते हो मला. आता पाणी प्यायले."

बाबांनी डोळे किलकिले केले. ओठ फुटले होते. कप्तानने त्यांचा हात हातात घेतला. स्वतःच्या हाताला आलेले फोड त्याला तेव्हा दिसले.

बाबा वाचले. वाचल्या नाहीत त्या तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई. एकट्या राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, वस्तीतल्या निम्म्या पोरांना त्यांनी बाराखडी शिकवलेली. दुसऱ्या दिवशी दार उघडत नाही म्हणून तोडलं, तेव्हा खुर्चीतच सापडल्या. कप्तानची बायको तेव्हापासून जिन्यात त्या दाराशी आली की थबकायची. "दोनदा गेले मी इथून," ती म्हणायची. "खांद्यावर बर्फ होता. मला वाटलं, बाहेर गेल्या असतील. नुसतं दार वाजवायला काय झालं होतं मला?" तिला कोणी काही समजावू शकलं नाही. कप्तानने तर प्रयत्नही केला नाही. तो नुसता तिच्या शेजारी उभा राहायचा, आणि ती हलली की मग पाऊल उचलायचा.

आठवड्याभराने त्याने बाबांपुढे बहिणीकडे जायचा विषय काढला. बाबा क्षीण झाले होते, तरी म्हणाले, "मासा यायला लागलाय रे पोरा. थोडे दिवस कळ काढ."

तेव्हा कप्तानने सांगून टाकलं. मासा येत नाही. एकही आला नाही. जाळीवर येतात त्या जेलीफिश, आणि त्यांच्यामागून आलेली कासवं.

बाबा कोपरावर रेलून उठले. मग म्हणाले, "सगळंच खोटं?"

"सगळं."

"सुरमईसुद्धा?"

"सुरमईसुद्धा."

कप्तानला वाटलं, आता शिव्या घालतील. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बाबांनी खिडकीकडे पाहिलं, मग खोलीभर नजर फिरवली, भिंत, पंखा, दाराशी ठेवलेले गमबूट, जणू पहिल्यांदाच ही खोली बघत होते. "मग आपण इथे कशाला बसलोय?" ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी जाळीतलं काही विचारलं नाही. पण जायला ते तयार झाले. बायकोने दोन पेट्या भरल्या. कप्तानने रजा मागितली, तर साहेब म्हणाले, जेलीफिशच्या लाटांचा मोसम ओसरू दे. मोसम ओसरायची चिन्हं नव्हती, समुद्र तसाच तापलेला. डॉक्टर म्हणाले, इतक्या लांबचा प्रवास यांना या उन्हात झेपणार नाही, जरा थंड होऊ द्या. म्हणून भरलेल्या पेट्या खाटेखाली सरकवून दिल्या, आणि लागेल तसं त्यातलंच एकेक काढून वापरायला सुरुवात झाली.

मग एका सकाळी बहिणीचा फोन आला. तिचा आवाज बसला होता.

"दादा, डोंगर पेटलाय. तीन बाजूंनी. वणवा आमच्या गावापासून लांब आहे म्हणतात, पण धुराने समोरचं घर दिसत नाही. धाकटीला श्वास घेता येत नाहीये." ती थांबली. "आम्हीच येऊ का रे तिकडे? थोडे दिवस?"

कप्तानने बायकोकडे पाहिलं. तिला अर्धंच ऐकू गेलं होतं, पण तिने मान डोलावली.

"ये," तो म्हणाला. "विचारतेस काय? निघ आत्ताच."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. नवरा, दोन मुली आणि गाठोड्यांत बांधलेला संसार. अंथरुणांना, केसांना, मुलींच्या कपड्यांना जळकट वास. लिफ्ट चालत नव्हती, म्हणून सगळे जिन्याने वर आले, आणि तिसऱ्या मजल्यावर कप्तानची बायको त्यांना घ्यायला येऊन थांबली होती. खोलीत पाऊल टाकायला जागा नव्हती. मुली दाराशीच घुटमळल्या. बाबांनी आधी लेकीकडे, मग तिच्या पोरींकडे पाहिलं. हाताचा आधार घेत ते खाटेवर एका कडेला सरकले, आणि खिडकीकडची बाजू थोपटून म्हणाले, "या गं, इथे बसा. इथे जरा वारा लागतो."

वारा कुठला लागायला! पण धाकटी जाऊन बसली, आणि खोकत खोकत फटीतून दिसणाऱ्या समुद्राच्या पट्टीकडे बघायला लागली.

कप्तानने बहिणीच्या नवऱ्याला पाण्याचा तांब्या दिला, गाठोडी भिंतीशी लावली, कोण कुठे झोपेल ते बायकोशी बोलला. मग गमबूट उचलले. पाळीची वेळ झाली होती. जिना उतरताना खाली कुणीतरी विचारलं, "पाहुणे आले वाटतं? किती दिवस?"

"आले आहेत खरे," कप्तान म्हणाला, आणि उन्हात बाहेर पडला.