अननसाच्या धाग्याचा झगा

गरम इस्त्रीखालच्या खळीचा वास आला की सदर भागातलं आईचं प्रेसचं दुकान आठवतं. फिलिपिन्सहून आलेल्या एका नर्सनं तिथं आपल्या वारलेल्या आईचा लग्नातला झगा आणला होता, अननसाच्या पानांच्या धाग्याचा. त्यांच्याकडे जुन्या काळापासून बाह्या फुलपाखराच्या पंखांसारख्या उभ्या ठेवतात. या बाह्यांच्या चुण्या तिच्या आईच्या हातच्या होत्या. आम्हाला काय ठाऊक. आईनं पाणी शिंपडून त्या साफ सपाट केल्या.

नर्स कितीतरी वेळ त्या चुण्या बोटांनी उभ्या करू पाहत होती.

"इतकं चांगलं करून देल्लं, मग काहून रडून राहिली वं ही?" आईनं मला विचारलं.

आता आईही नाही. तिच्या हातच्या घडीचं एक लुगडं कपाटात आहे. ते मी अजून उलगडलेलं नाही.