लांबीचे थर

मंगळवारी सकाळी माझे यजमान कामावर गेले. शिक्रापूरच्या चौकाजवळ ट्रकने त्यांच्या मोटारसायकलला धडक दिली. दुपारी कंपनीतले दोघे जण कासुर्डीला आले आणि त्यांनी माझ्या सासऱ्यांना, आबांना, सांगितलं. मी शाळेत शिकवत होते.

पडवीत एक कपाट उभं होतं. माझी पुस्तकं ट्रंकेत असायची, म्हणून हे कामावरून आल्यावर ते बनवत होते. लाकूड कंपनीतल्या खोक्यांचं होतं, फळ्यांना जागोजाग खिळ्यांची भोकं. शेतात पाचट पेटवलं की राख घरभर यायची. ती पुस्तकांवर बसू नये म्हणून दार त्यांनी फार नेमकं बसवलं होतं. बोटाने लोटलं तरी मिटायचं. रंग तेवढा राहिला होता.

"काचेसारखा करतो बघ," हे म्हणायचे. "ब्रशाची रेघ दिसली तर नाव बदलीन."

तेरावं झाल्यावर मी लांबी मळली. खडूची पूड आणि जवसाचं तेल. भोकं भरायला घेतली तेव्हा शेजारच्या काकू पायरीशी थांबल्या.

"रंग काढलाय व्हय? वरीस तरी सरू दे, बाई. लोक काय म्हणत्याल?"

आबा बाजेवर बसले होते. त्या दिवसांत ते कुणाशी बोलत नसत.

"रंग कुठं दिसला तुला?" ते म्हणाले. "लांबी हाय ती. लांबीला काय धरायचंय वरीस?"

काकू गेल्या. 

मग तेच चालू राहिलं. शाळेतून यायचं, वाळलेली लांबी पॉलिश पेपरने घासायची, कपड्याने पुसायचं, हात फिरवायचा. कुठे खोलगट लागलं की पुन्हा लांबी. काही दिवसांनी आबा पत्र्याची पट्टी घेऊन दुसऱ्या बाजूला बसू लागले. फळ्या सपाट झाल्या तरी आम्ही थांबलो नाही. रंग लावता येत नव्हता आणि दुसरं काही सुचत नव्हतं. मला बरं वाटत होतं असं नाही. वाईटही वाटत नव्हतं. नखांत पांढरं राहायचं, ते घेऊनच मी शाळेत फळ्यावर लिहायची.

वर्षश्राद्ध झालं आणि आबांनी यवतहून पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा आणला. "आता लाव," म्हणाले. मी लावला. पहिला हात वाळल्यावर हलकं घासून दुसरा. ब्रशाची एकही रेघ दिसली नाही.

पूर्ण वाळल्यावर पुस्तकं आत लावली आणि दार लोटलं. ते मिटलं नाही. वर्षभर आम्ही दाराच्या कडांनाही लांबी भरत होतो. थरावर थर चढले होते.

आबा रंधा घेऊन आले. "कडंला दोन हात मारतो. बसंल."

"रंधा यांनी तासलेल्या लाकडालाही लागेल, आबा."

"लांबीच तेवढी काढतो की."

"कुठे थांबायचं ते कळेल का?"

त्यांनी दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला. परत एकदा फिरवला.

"न्हाई," ते म्हणाले, आणि रंधा खाली ठेवला.

बदलीनंतर कपाट आता दौंडला माझ्या खोलीत आहे. रंग गुळगुळीत आहे. दार बोटभर उघडं राहतं. इथेही पाचट पेटतं, राख आत येते आणि मी पुस्तकं पुसते.