पंचनानांनी न विचारलेला प्रश्न

पंचनाना रेषा बघायला मातीत पालथे पडत. कबड्डीत चढाईवाल्याचा हात मध्यरेषेला टेकला की नाही, यावरून दोन गावं हातघाईवर आली तरी नाना पांढऱ्या लेंग्यासकट आडवेच. आणि तरीही दिसलं नाही, तर चढाईवाल्यालाच मैदानाच्या मातीवर हात ठेवायला लावत. "मला दिसलं नाय. तूच सांग." तो सांगेल ते खरं. आमच्या कडावात मातीवर हात ठेवून कुणी खोटं बोलत नसे.

घरीही हाच खाक्या. मिशांना साय दिसल्याशिवाय मांजरावर दूध सांडल्याचा आळ घेऊ देत नसत. काकू कपाळावर हात मारून घेत.

मग नितीनचं प्रकरण उपटलं. नितीन आमचा पहिल्या नंबरचा चढाईवाला. रसायनीच्या कारखान्यात कामाला लागला, तिथल्याच मोहोपाड्याच्या जिममध्ये जाऊ लागला आणि दोन वर्षांत शर्टाच्या बाह्या उसवायला लागल्या. इंजेक्शनं घेतो, अशी कुजबुज सुरू झाली. कुणीतरी त्याच्या बॅगेत सिरिंज पाहिली. आता त्याची आई इन्सुलिनवर होती, हे खरं. पण ती राहायची कडावात. तो तिच्यासाठी रसायनीहून आणत असेलही. माझं डोकं चालेना.

त्याने खेळ सोडल्यावर आमच्या कबड्डी मंडळाच्या मानाच्या फलकावर त्याचं नाव रंगवायचं की नाही, यावर बैठक बसली. मी चिटणीस. मतं समसमान पडली आणि निकाल नानांवर आला.

"सिरिंज दिसली. टोचताना कोनाला दिसला? नाव लिवा."

नाव लागलं. परतताना मी त्यांना छेडलंच, मातीवर हात ठेवायला लावून त्याला विचारलं का नाही म्हणून.

"त्यानं खरं सांगितलं असतं रं. मंग मी काय केलं असतं?"

मला त्यांचा राग आला. अजूनही येतो, आणि जीवही त्यांच्यावरच आहे. हा न्याय होता की माया, मला आजवर ठरवता आलेलं नाही.

गेल्या वर्षी नाना गेले. दहाव्याला ओढ्यावर नितीन माझ्याजवळ आला.

"नानांनी नाव लावलं, पन मला एकदाबी इचारलं नाय. खोटा वाटलो का रं मी त्यांना?"

एवढं बोलून तो माझ्याकडे बघत थांबला. तेव्हा तरी मी विचारायला हवं होतं. मी विचारलं, जेवून जाणार ना?