कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला नाही, आणि सुशीलाताईंना तर — कुठल्या तोंडाने सांगणार? तुम्ही समोर बसलाय असं धरून बोलते.

दोन हजार एक साली मी अमेरिकेत, पिस्कॅटवेला लेकीकडे होते. शेजारीच सुशीलाताई. त्यांचा मुलगा अजित प्रोजेक्ट सुटून घरी बसलेला, नवीन मिळालं नाही तर गाशा गुंडाळून भारतात परतायचं. त्या काळजीने झुरायच्या. त्यांचं मन रमावं म्हणून दुपारी मी त्यांना एक जुनी अमेरिकन कादंबरी मराठीत सांगायचे. इंग्रजी माझं मीच शिकलेलं — म्हणजे निम्मं वाचायचं, निम्मं ठोकून द्यायचं. त्यातला नायक कॉन्ट्रॅक्ट घ्यायचा, मोटेलात राहायचा, जॉब संपला की पुढचं गाव. आता मला काय वाटणार? आमचा कॉम्प्युटरवाला जावई दुसरं काय करत होता?

"ह्याला बरी लागोपाठ कामं मिळतात," सुशीलाताई म्हणायच्या. "अजितलाही मिळेल हो, मालूताई."

मग एक दिवस नायकाने पिस्तूल काढलं. मी नातीला पान दाखवलं. "आजी, ही किल्स पीपल. फॉर मनी."

अगंबाई — म्हणजे हा सुपारी घेणारा.

तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही का? पण सुशीलाताई देवापुढे अजितच्या जोडीने त्या नायकासाठीही हात जोडायला लागल्या होत्या. मी आपलं गोष्टीत त्याचं लग्न लावलं, डॅलसला पर्मनंट नोकरी दिली. इथवर गंमतच होती. पण —

अजितला काम मिळालं. त्या आनंदात त्यांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं, आणि सुशीलाताईंनी भरल्या घरात त्या गुणी मुलाची गोष्ट सांगितली. अजितने नेमकी ती कादंबरी वाचलेली. "आई, तो माणसं मारतो गं." सगळे खो खो हसले. सुशीलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी श्रीखंड कालवत म्हणाले — "त्यांना हल्ली जरा कमी ऐकू येतं ना."

कमी? दोन घरं पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायची ती बाई. त्या दिवसापासून घरचे सगळे त्यांच्याशी ओरडून बोलायला लागले. त्यांनी मला एकदाही खोटं पाडलं नाही.

आता त्या अजितबरोबर डॅलसजवळ फ्रिस्कोला असतात. परवा फोन आला. "मालूताई, हळू बोला, मला ऐकू येतं."

शेजारी जावई बसला होता. मी आवाज आणखी चढवला.