पिल्लांना बाळंतिणीची शेगडी

चहा घ्या, पण तोंडात घोट धरून ऐकू नका, ठसका लागेल. माझ्या हातून जो घोळ झाला ना, तो आठवून आमचा मेव्हणा अजून खोकतो!

सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. आम्ही देवळाली प्रवऱ्याला राहायचो. बायको सुशीला पुणतांब्याला, माहेरी बाळंत झालेली. जायच्या आधी तिनं हौसेनं विलायती कोंबड्यांच्या सरकारी योजनेत नाव घातलं होतं. आणि पिल्लं आली नेमकी ती तिकडे असताना! लगोलग मेव्हणा निरोप घेऊन हजर.

"दाजी, ताईनं सांगितलंय, पिल्लास्नी दिव्याची ऊब द्या. अंगावर पिसं फुटली की दिवा काढा. आन् ती आल्यावर पिल्लं धड दिसली न्हाईत, तर बाळाला घिऊन त्याच टांग्यानं माघारी!"

आता सांगा, काय करायचं? आमच्या साखर कारखान्याचा हंगाम चालू. मला बारशालाही जाता आलं नव्हतं. पोराचं तोंड अजून पाहायचं होतं हो मला!

कोठीच्या खोलीत बांबूच्या तट्ट्याचं रिंगण केलं, वर बल्ब टांगला, पिल्लं आत सोडली. सुरुवातीला झकास चाललं. पण मी स्वस्थ बसेन तर ना! कामावरून आलो की पायातली चप्पल न काढता आधी पिल्लं. जेवताना उठायचो, बघून यायचो, बसायचो, पुन्हा उठायचो.

"आरं, घास तरी गीळ!" आई वैतागायची.

मग पिसं फुटली. पंखांना फुटली, पाठीला फुटली, छातीलाही फुटली. दिवा काढायचा ना? पण एका पिल्लाच्या डोक्यावर लव तशीच! पिसं फुटली म्हणजे बहुतेकांची, का एकूणएक सगळ्यांची? विचारणार कुणाला? म्हटलं, ह्या एकाचं डोकं झाकेपर्यंत राहू दे दिवा. बाहेर थंडी सरून उन्हं तापायला लागली होती, पण ते माझ्या ध्यानात कुठलं यायला!

सुशीला यायच्या दिवशी सकाळी बघतो, तर दिव्याखाली एकही पिल्लू नाही. सगळी तट्ट्याला चिकटून, पंख सोडून, चोची वासून उभी!

"आई, पिल्लं धापा टाकत्यात गं!"

आई सुनेला शेक द्यायची तयारी करत होती. बाज मांडलेली, शेगडी पेटवलेली, ओवा काढून ठेवलेला. तिथूनच म्हणाली, "गारठा बाधला आसंल. ऊब वाढीव."

"दिवा हाय की!"

"दिव्यानं काय हुतंय? तुझ्या वक्ताला मी सवा म्हैना शेगडीवर काढला, म्हनून तू वाचला."

झालं! तीच शेगडी उचलली आणि नेली खोलीत. पिल्लं आणखी मागं सरकली. मला वाटलं, बिचाऱ्यांच्या अंगात दिव्यापर्यंत यायचंही बळ उरलं नाही. म्हणून एकेकाला उचलून शेगडीजवळ ठेवायला लागलो. एक ठेवावं तर दुसरं पळतंय! पळायला बळ कुठून आलं? हे सुचायला डोकं थाऱ्यावर लागतं!

खिडकीला गोधडी लावली. दाराच्या फटीत पोतं कोंबलं. निखाऱ्यावर मूठभर ओवा टाकला. धूर असा कोंदला की मला पिल्लं दिसेनात आणि पिल्लांना मी. शर्ट काढला, मग बनियन काढलं. घामानं निथळतोय आणि पिल्लांना म्हणतोय, "जरा दम धरा रे, आत्ता ऊब येईल!"

तेवढ्यात दारात टांगा वाजला. आईनं भाकरतुकडा ओवाळून सून-नातवाला आत घेतलं.

"आत्याबाई, घर पेटलंय का काय?" सुशीलाचा आवाज आला.

"न्हाई गं. तुजी शेगडी त्यानं कोंबड्यास्नी नेली."

दार धाडकन उघडलं. बाळ आईच्या हातात देऊन सुशीला आत शिरली. दिवा बंद, शेगडी बाहेर, गोधडी खाली, खिडकी सताड उघडी!

"अवो, उकडतंय त्यास्नी! थंडी वाजली आसती तर दिव्याखाली गोळा झाली नसती व्हय? लांब पळत्यात, तोंड उघडून धापा टाकत्यात, आजून कसं सांगायचं त्यांनी तुमास्नी?"

वारं लागलं, पाणी पोटात गेलं, तशा एकेक करत चोची मिटल्या. आणि ज्याच्या डोक्यावर लव होती ना, तेच आधी दाण्यावर धावलं! सगळी जगली हो. मला रडूच यायचं बाकी होतं.

"जात न्हाईस ना माघारी?" मी भीत भीत विचारलं.

"पिल्लं धड हायत, म्हनून ऱ्हाते," ती म्हणाली. "बगा आता पोराला."

मी तसाच उघडा, घामाघूम, ओव्याचा वास मारीत पुढं झालो. आईनं नातवाचं टोपडं काढलं. काय गोजिरवाणं ध्यान! पण डोक्याकडं नजर गेली आणि माझा जीव पुन्हा खालीवर झाला.

"अगं, ह्याच्या डोक्यावर तर नुसती लवच हाय! थांब, शेगडी आनतो!"

सुशीलानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि आईकडं वळून विचारलं, "आत्याबाई, टांगा गेला का वो? थांबवा त्याला. आता ह्यांनाच बसवून द्या माझ्या माहेरी!"

आणि तो टांगेवाला, लेकाचा, खरंच थांबला!