तटाचे दगड बाहेर पडले होते

भिंत सरळ आहे का ते बघायला टांगतात त्या वजनाच्या दोरीवरून त्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. एक तर तो उंच आणि हडकुळा, आणि दुसरं म्हणजे त्याच्या बोलण्यात तसूभरही झुकाव नसे. चाळीस वर्षं त्यानं भिंती बांधल्या, पण दुसऱ्याच्या कामाला 'बरं आहे' म्हटल्याचं कुणाला आठवत नाही.

मुलीनं त्याच्या फोनमध्ये इतिहासाची पुस्तकं भरून दिली होती. जुनी, नावाजलेली, वाचायला बसलं तर एकेकाला वर्ष लागेल अशी. आता फोनमधून कुणीतरी ती वाचून दाखवायचा आणि ओळंबा एका कानात वायर खुपसून दगड रचायचा. दुसरा कान माल कालवणाऱ्या मावशीसाठी मोकळा. बाबांचा वेळ छान जाईल, असं मुलीला वाटलं होतं. वेळ गेला, पण छान म्हणण्यासारखा नाही. पहिल्या महिन्यातच त्यानं दोन सम्राट निकालात काढले. एकानं नदीच्या वाळूवर राजवाडा उभारला होता. "पाया न बघता बांधतो आणि स्वतःला जगाचा धनी म्हणवतो!" दुसऱ्याची दोन्ही भावांशी हाणामारी. "घरातलं मिटवता येईना, निघाले राज्य करायला." वाचणाऱ्यावर तर त्याचा वेगळाच राग होता. "आवाज असा लावतो, जसा काही किल्ला यानंच घेतला. खुर्चीवरून उठला तरी असेल का?"

"मग ऐकता कशाला, मिस्त्री?" मावशी विचारायची.

"बघतो, एक तरी शहाणा निघतो का."

"निघाला?"

"अजून चार खंड बाकी आहेत."

त्या आठवड्यात त्यांचं काम एका उतारावर चाललं होतं. वर गाड्या लावायला सपाट जागा हवी होती, म्हणून कडेला दगडी भिंत बांधायची आणि तिच्या मागे मातीचा भराव टाकायचा. खाली अरुंद गल्ली, आणि भिंतीला जवळजवळ चिकटून एक लॉन्ड्री. असली भिंत घट्ट व्हायला दिवस लागतात. तोवर रोज पाणी मारायचं आणि मागे ढेकूळसुद्धा टाकायचं नाही. ठेकेदाराला मात्र आठवड्यात उद्घाटन उरकायचं होतं.

शेवटच्या दिवशी कानात एका राजाचं प्रकरण चाललं होतं. या राजानं शहराचा तट एकवीस दिवसांत उभा करवला, तोही भर पावसात, आणि सांधे ओले असतानाच मागे माती लोटली. महिन्याभरात तट तीन ठिकाणी फुटला आणि शत्रू आत शिरला. राजानं मुख्य गवंड्याला धरलं, लाच खाल्ल्याचं कबूल करून घेतलं आणि उरलेल्या तटावरून खाली ढकलून दिलं. इतिहासकारानं त्याला फितूर ठरवून दोन ओळींत संपवलं होतं.

ओळंब्यानं तो तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकला. मग आणखी एकदा. आणि थापी घमेल्यात आपटली.

"मावशी, भिंत बाहेरून कुणी फोडली तर दगड कुठं पडतील?"

"आत."

"आणि मागून मातीनं रेटली तर?"

"बाहेर. हे काय विचारणं झालं, मिस्त्री?"

"तुला कळलं. या महाशयांना नाही कळलं. बारा खंड लिहिले! स्वतःच लिहितो, दगड बाहेर खंदकात पडलेले सापडले. आणि पुढच्याच वाक्यात गवंडी फितूर! इतकी वर्षं विद्वान माना डोलावतायत, एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही."

"बिचारा गवंडी."

"बिचारा कसला! माती पडताना बघत उभा राहिला ना? तोही त्यातलाच."

एवढं म्हणून तो परांचीवर चढला आणि गल्लीकडच्या अंगाला, भिंतीच्या वरच्या पट्ट्याचा गिलावा करू लागला. गिलावा होतोय तोच ठेकेदार गल्लीत आला.

"मिस्त्री, वर मातीचे दोन ट्रक उभे आहेत. रिकामे करून घ्या."

"चौदा दिवस माती नाही."

"राजवाडा बांधताय का तुम्ही? अहो, साहेब येणार आहेत फीत कापायला. आणि पडलीच तर माझी भिंत पडेल, तुमचं काय जातंय?"

"पडल्यावर काय सांगाल?"

"काय सांगायचं म्हणजे?"

"सिमेंट कुणी खाल्लं म्हणून सांगाल?"

ठेकेदारानं रुमालानं मान पुसली. "ते तेव्हा बघू. आधी ट्रक रिकामे करा." ओळंब्याला तेवढं पुरलं. आपलं नाव कुठल्या दोन ओळींत जाणार, ते त्याला स्वच्छ दिसलं.

किती दिवस पाणी मारायचं ते मोजता यावं म्हणून गवंडी ओल्या कामावर तारीख कोरून ठेवतात. ओळंब्यानं थापीच्या टोकानं तारीख कोरली, पण तिथं थांबला नाही. वीतभर उंचीची अक्षरं काढत तो परांचीवर सरकत गेला. इस्त्री ठेवून लॉन्ड्रीवाला दारात आला आणि मान वर करून मोठ्यानं वाचू लागला.

"भिंत आज पुरी झाली. माती आजच टाकली. ठेकेदाराच्या हुकमावरून. गवंडी नको म्हणाला होता." तो थांबला. "अहो ठेकेदार, म्हणजे ही आमच्या डोक्यावर येणार का?"

आणखी दोघं-तिघं थांबली. त्यांना लॉन्ड्रीवाल्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं. त्याचा आवाज साधाच, जरासा फाटका होता. ओळंब्याला पहिल्यांदाच कुणाचं वाचन पसंत पडलं.

"पुसा ते," ठेकेदार दबक्या आवाजात म्हणाला.

"ट्रक फिरवा. पुसतो."

"मिस्त्री, माझ्याशी वाकड्यात शिरू नका."

"गिलावा वाळत चाललाय. मग छिन्नी लागेल."

ठेकेदारानं फोन काढला. वरून ट्रक मागे घेतल्याचा आवाज आला. ओळंब्यानं थापी फिरवून अक्षरं बुजवली. तारीख तेवढी ठेवली.

"उद्यापासून दुसरा गवंडी बघतो मी," ठेकेदार म्हणाला.

"बघा," ओळंबा परांचीवरून उतरत म्हणाला, "तारीख वाचता येणारा बघा."